सॅम्पल आणलंय का?

पुण्यात गणेश मंडळ जरा स्थिरस्थावर झालं की त्याला रुग्णवाहिकेचे डोहाळे लागतात. आधी ढोल-ताशा पथक, मग रक्तदान शिबिर, मग वह्यावाटप आणि एखाद्या निवडणुकीचा मुहूर्त साधून रुग्णवाहिका. मोठा लोकार्पण सोहळा होतो. गाडीच्या अंगावर ‘रुग्णवाहिका’ ही अक्षरं जेमतेम मावतील एवढी जागा सोडून बाकी सगळीकडे देणगीदार, देणगीदारांचे वडील, प्रभागाचे माननीय आणि मंडळाचं स्थापना वर्ष येतं. आत निजलेल्याची वाचनाची गैरसोय होऊ नये म्हणून स्ट्रेचरच्या वर, छताला, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी असते. छातीत कळ आलेल्या माणसाने डोळे उघडावेत आणि पहिलं अक्षर ‘कै.’ दिसावं, याने त्याला कितपत धीर येत असेल हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या पेठेतल्या मंडळाकडेही अशी एक गाडी आहे. निवृत्त झालेली. पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या सजावटीतले दोन हत्ती आणि एक मोडका राजवाडा यांच्यामध्ये ती उभी असते. मंडळाचं मोठं वर्ष जवळ आलं तेव्हा अध्यक्षांच्या मनात आलं की गाडी पुन्हा चालती करावी आणि मिरवणुकीत मानाने पुढे काढावी. कामाला माणूस हवा होता. मीही निवृत्तच, त्यामुळे आमची जोडी जमेल असं बैठकीत ठरलं. मला बैठकीचं निमंत्रण नव्हतं.

गाडी म्हणजे मॅटाडोर. चाळिशी ओलांडलेल्या पुणेकराने आयुष्यात निदान एकदा तरी मॅटाडोरमधून प्रवास केलेला असतोच. शाळेत जायला, वऱ्हाडातून, नाहीतर आडवं पडून. नवलमल फिरोदियांनी जर्मनीतल्या विडाल अँड सोन या कंपनीच्या सहकार्याने १९५८ साली बजाज टेम्पो काढली. आधी आली तीन चाकांची हॅन्सिअट आणि १९६९ मध्ये चार चाकांची मॅटाडोर. बनायची आपल्या आकुर्डीला. पुढची चाकं गाडी ओढायची, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा पोटाखाली नाही आणि गाडीचा तळ जमिनीपासून फार वर नाही. स्ट्रेचर आत सरकवताना उचलणाऱ्याची कंबर शाबूत राहायची. एका पेशंटला पोचवताना दुसरा तयार करायचा नाही, हा रुग्णवाहिकेचा मोठाच गुण म्हणायचा.

ऐंशीच्या दशकात हिच्यात मर्सिडीजचं इंजिन आलं. ओएम ६१६ त्याचं नाव, चार सिलिंडर, २.४ लिटर, डिझेल. जर्मनीत जे इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत बसून कचेरीत जायचं, तेच आपल्याकडे मार्केट यार्डातली कोबीची पोती, शाळेची पोरं आणि अडलेल्या बाळंतिणी वाहू लागलं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने इंजिनं आलटून पालटून घालत आपली २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर पळवली आणि २००४ साली ती मर्सिडीजच्या संग्रहालयाला देऊन टाकली. असल्या खानदानाचं इंजिन शेडमध्ये काही वर्षं बसल्याने बिघडत नाही. नवी बॅटरी लावली, टाकी धुतली, डिझेल भरलं, आणि काळा धूर सोडून ते सुरू झालं. राजवाड्याचा एक मनोरा मात्र त्या हादऱ्याने पडला.

एक गोष्ट आठवणीत ठेवावी लागते. जुन्या डिझेल गाडीला किल्ली फिरवल्या फिरवल्या पळता येत नाही. आधी हीटर प्लग तापावा लागतो. म्हणजे मागे पेशंट, पेशंटच्या उशाशी रडणारी मंडळी, ‘चला हो, चला’ म्हणणारे शेजारी, आणि पुढे ड्रायव्हर हाताची घडी घालून हीटरकडे लक्ष देऊन बसलेला. मंडळाचे जुने ड्रायव्हर सांगतात की तेवढ्यात ते रामरक्षेचे दोन श्लोक म्हणत. त्यांचा म्हणण्याचा वेग चांगला होता म्हणून निभावलं.

रिंगा, लायनर, व्हॉल्व्ह, प्लग, यांतलं काहीही मागा, नाना पेठेत मिळतं. कारण मॅटाडोर गेली तरी त्या इंजिनाचा वंश ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलरमधून पुढे चालू राहिला. अडलं ते मागच्या दारापाशी. दाराचं लॉक नाही. कधी पडलं, कुठे पडलं, कुणाला ठाऊक नाही. दार सुतळीने बांधलेलं होतं आणि सुतळीची गाठ इतकी जुनी होती की ती सोडायला लाजच वाटावी.

आता जिथे गाडी जन्मली त्या गावात गाडीच्या दाराचं लॉक मिळायला काय हरकत आहे, असं कुणालाही वाटेल. पुणे म्हणजे काय साधं गाव आहे? आकुर्डीला बजाज, पिंपरीला टाटा, वेताळ टेकडीच्या अंगावर गाड्यांची परीक्षा घेणारी एआरएआय. चाकणला दस्तुरखुद्द मर्सिडीज. आणि गंमत अशी की मर्सिडीजच्या इथल्या गाड्यांची इंजिनं जोडून देण्याचं काम मॅटाडोरवाल्यांचीच कंपनी करते. कंपनीचं नाव २००५ पासून फोर्स मोटर्स. म्हणजे मॅटाडोरचं माहेर आणि इंजिनाचं आजोळ, दोन्ही एका तासाच्या अंतरावर. वाहतूक नसेल तर. पण मॅटाडोर बनायची थांबून दोन तपं उलटली, आणि दोन तपांनी जुन्या गाडीचं लॉक द्या म्हणून कुठल्या कारखान्याच्या दारात उभं राहायचं? राहिली नाना पेठ.

नाना पेठेतला स्पेअर पार्टवाला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो.

“मॅटाडोरच्या मागच्या दाराचं लॉक आहे का शेठ?”

“सॅम्पल आणलंय का?”

“सॅम्पल नाही. तेच हरवलंय.”

“सॅम्पलशिवाय कसं देणार काका?”

“अहो, सॅम्पल असतं तर तेच नसतं का लावलं?”

यावर क्षणभर शांतता. मग आतून कुणीतरी विचारतं, “मॉडेल कुठलं? तीनशे पाच का तीनशे सात?”

“तीनशे सात.”

“मग तर सॅम्पल पाहिजेच.”

पुढच्या दुकानात हेच. त्याच्या पुढच्या दुकानातही हेच, फक्त तिथे काकांऐवजी मला आजोबा म्हणाले. ज्याच्याकडे सॅम्पल आहे त्याला लॉकची गरज नाही आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे सॅम्पल नाही, अशा भक्कम पायावर हा सगळा व्यापार उभा आहे. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात हा विनोद आता शिळा झाला. नाना पेठेत भर दुपारी दुकान उघडं असतं, शेठ जागे असतात, चहाही सांगतात. पार्ट तेवढा नसतो.

माहिती मात्र वाटेल तेवढी. कुणी फिरोदियांच्या आठवणी सांगतो, कुणी मॅटाडोरने पंढरपूर कसं केलं ते सांगतो, कुणाच्या वडिलांचा पहिला धंदा मॅटाडोरवरच उभा राहिलेला असतो. आणि शेवटी प्रत्येक जण कळवळून म्हणतो, “अहो, तुम्ही जरा आधी यायचं. डझनाने पडलेली होती. परवाच भंगारात घातली.” हे ‘परवा’ मी बारकाईने तपासलं. एकाचं परवा नोटाबंदीच्या आधीचं निघालं. एकाचं परवा म्हणजे त्याच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं साल, आणि नात आता अकरावीला आहे. मला आवश्यक असलेली कुठलीही वस्तू पुण्यात परवापर्यंत होती, असा माझा निष्कर्ष आहे.

मग मिस्त्री. गॅरेजमधले जुने मिस्त्री ही निराळीच जात. कुठल्या गाडीचं काय कुठल्या गाडीला चालतं याची अख्खी वंशावळ त्यांना तोंडपाठ असते, आणि ती कुठल्याही कॅटलॉगात नाही. आमच्या मिस्त्रींनी दाराच्या भोकात बोट घालून पाहिलं, डोळे मिटले आणि एका ट्रकचं नाव घेतलं. ट्रकचं लॉक आणलं. भोक लहान पडलं. “बसतंय,” मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, बसत नाहीये. “बसवलं की बसतं,” असं म्हणून त्यांनी हातोडी मागितली. खजिनदार मध्ये पडले म्हणून दार वाचलं. त्यांना दाराची काळजी नव्हती. दारावर त्यांच्या वडिलांचं नाव आहे.

रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, तिथे गेलो. काट्यांविना घड्याळं, कॅमेऱ्याविना लेन्सा, फोनाविना रिसीव्हर, सगळं एकेकटं पडलेलं असतं. इथे सॅम्पल कुणी मागत नाही. कारण इथे सगळी सॅम्पलंच आहेत. वस्तूची किंमत वस्तूवर लिहिलेली नसते, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर असते. तुमचे डोळे चमकले की दीडशेचे सहाशे झालेच. म्हणून सोबत खजिनदारांना नेलं होतं. वर्गणीच्या हिशोबात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा चेहरा कशानेच उजळत नाही. एका पथारीवाल्याने पोत्यातून एक लॉक काढून दाखवलं. “मॅटाडोरचंच आहे साहेब, आतल्या गोटातलं.” खजिनदारांनी ते निर्विकारपणे उलटसुलट केलं, आणि म्हणाले, “हे लोखंडी कपाटाचं आहे.” पथारीवाला अजिबात डगमगला नाही. “मग कपाट आहे का तुमच्याकडे?” कपाट होतं. लॉक घेतलं. मंडळाच्या अहवालांचं कपाट आता व्यवस्थित बंद होतं, एवढा एक फायदा या मोहिमेत पदरात पडला.

कुणीतरी म्हणालं, चिखलीजवळ कुदळवाडीला जा, पेट्रोल पंपापासून विमानापर्यंत सगळ्याचं भंगार तिथे आहे. पण २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली हजारो बांधकामं बुलडोझर लावून पाडली. भंगाराचं गोदामच भंगारात गेलं. मालक विखुरले, माल विखुरला, आणि त्याबरोबर ‘या ढिगात खाली डावीकडे मॅटाडोर आहे’ हे ज्यांना ठाऊक होतं ती माणसंही पांगली. ढीग पुन्हा लागतो. ढिगात काय कुठे आहे हे सांगणारा माणूस पुन्हा तयार व्हायला तीस वर्षं लागतात. महापालिकेच्या पंचनाम्यात त्याला रकाना नसतो.

अध्यक्षांचा भाचा संगणकात हुशार आहे. त्याने थेट जर्मनी गाठली. मॅटाडोरचं मूळ घराणं पुढे हानोमागकडे गेलं आणि तिथून डाइमलर-बेंझच्या पदरात पडलं. हॅम्बुर्गमधल्या हारबुर्गात बनणाऱ्या त्या व्हॅनवर मर्सिडीजचा तारा लागला. तिकडची हौशी माणसं त्या जुन्या व्हॅनमध्ये पलंग आणि शेगडी बसवून सुट्टीला समुद्रावर जातात. ज्या गाडीत आपल्याकडे माणूस नाइलाजाने आडवा होतो त्याच गाडीत तिकडे हौसेने आडवा होतो, एवढाच काय तो फरक. लॉकची किंमत भाच्याने रुपयांत करून दाखवली, वर टपाल, वर कस्टम. खजिनदारांनी आकडा दोनदा वाचला आणि बैठक संपवली.

मंडळात अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांना या सगळ्याची मजा वाटते. “आमच्या बंबाचं बरं होतं,” ते म्हणतात. “बंब लेलँडचा असो, टाटाचा असो, पाइपाचं कपलिंग त्रेसष्ट एमएमचंच. चाळीस वर्षांपूर्वीचं कपलिंग आजच्या होजला खट्कन बसतं.” खरं आहे. त्या कपलिंगला भारतीय मानक आहे. आग विझवायला गेल्यावर ‘सॅम्पल आणलंय का’ असं विचारायला वेळ नसतो, हे मानक ठरवणाऱ्यांना कळलं असावं. रुग्णवाहिकेच्या दाराबद्दल असं कुणाला काही वाटलं नाही. काकांना मी बंबावरच्या पितळी घंटेबद्दल विचारलं, तर म्हणाले, ती हवी तर तांबट आळीत ठोकून मिळेल. लॉक नाही मिळणार.

शेवटचा उपाय म्हणून भोसरीच्या एका लेथवाल्याला विचारलं. तो भला माणूस. म्हणाला, सॅम्पल नसेल तर नसेल, फोटो आणा, फोटोवरून बनवतो. हे ऐकून पेठेत पेढे वाटायचे तेवढे राहिले, कारण फोटोंना आमच्या मंडळात तोटा नाही. लोकार्पण सोहळ्याचा अख्खा अल्बम आहे. तो उघडला. पहिल्या फोटोत मागचं दार दिसतंय आणि लॉकच्या जागी माननीयांचं पोट. दुसऱ्या फोटोत माननीय बाजूला, तिथे देणगीदारांचं पोट. तिसऱ्यात सगळे बाजूला झालेत आणि लॉकवर झेंडूचा हार. चौथ्यात हार काढलाय, पण फोटोग्राफरने गाडीकडे पाठ करून स्टेजचा फोटो घेतलाय. मॅटाडोरचे एवढे फोटो, आणि सगळ्यांत मॅटाडोर सोडून पुण्यातले मान्यवर. लेथवाल्याने अल्बम मन लावून पाहिला आणि माननीयांच्या सफारीचं बटण हवं असेल तर बनवून देतो म्हणाला.

दरम्यान कायद्याचीही चौकशी करून ठेवली. नव्या नियमांनी सरकारी आणि महापालिकेच्या गाड्या पंधरा वर्षांच्या झाल्या की १ एप्रिल २०२३ पासून त्यांची नोंदणी पुढे वाढत नाही. आणि २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षं पूर्ण झालेली गाडी ‘व्हिंटेज’ होते, तिला ‘व्हीए’ अक्षरांचा मानाचा नंबर मिळतो, फी वीस हजार. म्हणजे पंधराव्या वर्षी म्हातारी आणि पन्नासाव्या वर्षी मानकरी. मधली पस्तीस वर्षं गाडीने कुठे तोंड लपवून बसायचं हे नियमात नाही. बहुधा सजावटीच्या शेडमध्ये. शिवाय व्हिंटेज म्हणवायचं तर गाडी मूळ रूपात असली पाहिजे. मूळ रूपात म्हणजे लॉकसकट. सुतळी मूळ रूपात धरतात का, हे मी परिवहन कार्यालयात विचारणार होतो, पण पुढचा नंबर घाईत होता.

याहून मोठी थट्टा सायरनची. या गाडीचा एकमेव भाग जो पुण्यात कुठेही, मागाल त्या आवाजात, मागाल त्या भावात मिळतो, तो सायरन. कुणी सॅम्पल मागत नाही, कुणी मॉडेल विचारत नाही. आणि तोच नेमका लावता येत नाही. आळीपाळीने बदलत्या सुरांचा भोंगा रुग्णवाहिका, बंब, पोलीस अशांनाच चालतो. आमची गाडी रुग्णवाहिका होती, आता नाही. अध्यक्षांचा सगळा बेत त्यावरच होता. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रस्त्यावर रुग्णवाहिका आली की ढोल थांबतात, मुंगीला वाट नसलेल्या गर्दीत पोरं हाताची साखळी करून रस्ता मोकळा करतात, गाडी गेली की गर्दी परत मिटते. आपली मॅटाडोर एकदा त्या वाटेने जावी, एवढीच त्यांची इच्छा. पण आजारी नसलेल्याने ती वाट वापरू नये हे त्यांना लगेच पटलं. अध्यक्ष तसे बरे आहेत. त्यांना पटवायला फक्त चहा लागतो.

पेंटरचं काम तेवढं झालं. पुढच्या बाजूला अक्षरं उलटी लिहायची असतात, म्हणजे पुढच्या गाडीच्या आरशात ती सुलटी दिसतात. पेंटरने ऐन वेळी स्वतःच्या जबाबदारीवर ती सुलटी लिहिली. “उलटं लिहिलं तर लोक माझ्या नावाने हसतील साहेब,” असं त्याचं म्हणणं, आणि खाली त्याने स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. त्याचा मुद्दा मला मान्य आहे. आता आरशात बघणाऱ्याला काही वाचता येत नाही, पण समोरून येणाऱ्याला पेंटर हवा असेल तर सोय झाली आहे.

तर सध्या इंजिन उत्तम, रंग ताजा, टायर नवे, दार सुतळीने बांधलेलं. सुतळी मात्र बदलली. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर, परसात, कोंबड्यांच्या खुराड्याला किंवा बंद पडलेल्या गॅरेजात मॅटाडोर एफ ३०७ च्या मागच्या दाराचं लॉक असेल, तर ते परवा भंगारात घालण्यापूर्वी कृपया आम्हाला कळवावं. पूर्व भागातल्या पेठांत कुठल्याही टपरीवर ‘मॅटाडोरवाले’ म्हणून विचारलं तरी पुरे. योग्य किंमत देऊ. खजिनदार सोबत येतील, त्यांच्या चेहऱ्यावर जाऊ नये. आणि सॅम्पल मागू नये. फोटो हवा असल्यास पाठवू, पण त्यात माननीयांचं पोट आहे.